ट्रेनिंग द्या, पण झोपवू नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले, आपल्या मालाला आधी 1000 रुपयांच्या वरच्या नगाला 12 टक्के लागायचे, आता 2500 पर्यंत 5 आणि त्याच्या वर गेलं की डायरेक्ट 18, त्यामुळे बिलिंगवाल्यांना परत एकदा सॉफ्टवेअरचं ट्रेनिंग द्यावंच लागलं आणि ते बरोबरच आहे. पण ते देतात कसं बघा. जेवण झाल्यावर दोन तास, लाईट बंद, पडद्यावर कुठल्यातरी एबीसी ट्रेडर्सचं बिल. मागे डुलक्या, पुढे मोबाईल. शेवटी सर विचारणार, काही डाऊट? कुणाचाच हात वर नाही, आणि सोमवारी सगळे डाऊट माझ्या टेबलावर!

मग आमच्या बिलिंगच्या पोरीनं आयडिया काढली. टॅली म्हणजे आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या आमच्याच डेटाचा बॅकअप घेऊन डमी कंपनी केली आणि त्यात मुद्दाम चुका पेरल्या, म्हणजे 2800 च्या चादरीला 5 टक्के, हैदराबादच्या पार्टीला आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा) सोडून सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा), साठ हजारांचा माल राज्याबाहेर निघाला आणि ई-वे बिलाचा, म्हणजे माल वाहतुकीच्या ऑनलाईन पासाचा, पत्ता नाही, असलं. दोघादोघांच्या जोड्या, वीस मिनिटं, शोधा चुका, हरणाऱ्यांनी चहा पाजायचा. (नेटची वायर मात्र काढून ठेवा हां, नाहीतर खेळता खेळता सरकारी पोर्टलवर खरंच ई-इनव्हॉइस जायचं आणि ते रद्द करायला 24 तासच मिळतात.)

जोडी लावताना एक जुना, एक नवा असं केलं. आमच्या दिवाणजी काकांना माऊस सोडून काही जमत नाही, पण हैदराबादची पार्टी त्यांनी नुसतं नाव वाचून पकडली, आणि त्यांच्या जोडीच्या पोरानं त्यांना आल्ट-जी दाबून पाहिजे तो रिपोर्ट कसा काढायचा ते दाखवलं. आता काका दुसऱ्यांना दाखवत फिरतात.

काही ठिकाणी गेम म्हणून नंबर काढून भिंतीवर नावं लावतात, ते मला अजिबात पटत नाही. पंचावन्नच्या माणसाला सगळ्यांसमोर शेवटचा नंबर दिला की तो परत कीबोर्डला हात लावत नाही, तूच टाक रे बाबा एन्ट्री म्हणतो, संपलं. आणि वर्षातनं एकदाच दोन तास बसवून काय उपयोग? एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं 1885 सालीच स्वतःवर प्रयोग करून लिहून ठेवलंय की पाठ केलेलं बरंचसं पहिल्या दिवसातच निसटतं, म्हणून थोडं थोडं पण सारखं सारखं पाहिजे. आठवड्याला पंधरा मिनिटं काढा, त्या आठवड्यात झालेलीच एक चूक घ्या, कुणी केली ते सांगू नका.

मालक लोक हे वाचत असतील तर एवढंच, ट्रेनिंगची तारीख काढायच्या आधी अकाउंट्सला विचारत जा. दर महिन्याला 11 ला जीएसटीआर-1 आणि 20 ला थ्रीबी ही जीएसटीची रिटर्न भरायची शेवटची तारीख असते, त्याच्या आदल्या दिवशी साक्षात सिद्धरामेश्वर शिकवायला आले तरी आमचं लक्ष लागणार नाही.

– एक अकाउंटंट, सोलापूर