बाबा, ही वीस गाणी क्रमाने ऐका

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की मी हल्ली काय ऐकते, आणि मी 'इंडी फोक' (लोकसंगीताच्या वळणाची, स्वतंत्र कलाकारांची गाणी) एवढे दोनच शब्द बोलून विषय बदलला. ज्या अल्बमने मला इतकी वर्षे सोबत केली, त्याविषयी घाईघाईत बोलणे मला जमले नसते, म्हणून हे पत्र. इंग्रजी गाण्यातले शब्द कानाला धरता येत नाहीत अशी तुमची नेहमीची तक्रार आहे. तेव्हा कथा मी आधीच सांगून ठेवते. ती ठाऊक असली की पुढचे काम गाणाऱ्यांचे आवाज करतील.

अल्बमचे नाव 'हेडीजटाउन'. तो अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातील गायिका आणि गीतकार अनेइस मिचेल यांचा आहे. २००६ साली तिथेच लहानशा प्रमाणावर ही रचना रंगमंचावर आली आणि मार्च २०१० मध्ये ध्वनिमुद्रित होऊन प्रसिद्ध झाली. वीस गाणी आहेत आणि ती सगळी मिळून तासाभराच्या आत संपतात.

मूळ कथा ग्रीक पुराणातली आहे. ऑर्फियस नावाच्या गायकाची पत्नी युरिडिसी साप चावून मरते. तिला परत आणण्यासाठी तो पाताळात उतरतो आणि आपल्या गाण्याने तिथल्या राजाला, हेडीजला, पाझर फोडतो. ती मागोमाग येईल, पण वर पोहोचेपर्यंत वळून पाहायचे नाही, अशी अट घातली जाते. तो वळून पाहतो आणि तिला कायमचा गमावतो. मिचेल यांनी ही कथा अमेरिकेतल्या १९३०च्या दशकातील महामंदीची आठवण करून देणाऱ्या दिवसांत आणून ठेवली आहे. त्यांचे पाताळ म्हणजे भिंतीआडचे, कारखान्यांचे आणि खाणींचे गाव आहे, जिथे अंगमेहनत अखंड आहे, पण पोटाची काळजी नाही. आणि सर्वांत मोठा बदल असा की या कथेत साप नाही. युरिडिसी भुकेली आहे, आणि म्हणून ती स्वतःच्या पायांनी खाली उतरते.

या एका बदलाने सारी कथा वेगळी होते, आणि त्याची बीजे पहिल्याच गाण्यात आहेत. लग्नाच्या अंगठ्या कोण घेणार, ताटे कोण मांडणार, शय्या कोण सजवणार, असे ती विचारते. तो सांगतो की सोने नदी देईल, मेज झाडे मांडतील, शय्येसाठी पिसे पाखरे देतील. हे गाणे इतके गोड आहे की ती हिशेब विचारते आहे आणि तो कविता ऐकवतो आहे, हे माझ्या ध्यानात यायला फार दिवस लागले. पुढे ती निघून जाते तेव्हा नियतीच्या तीन देवता थेट ऐकणाऱ्याला खडसावतात की पोट भरलेल्यांनी तिला दोष देऊ नये. त्या देवतांसाठी पेट्रा, रेचेल आणि तान्या हेडन या तिळ्या बहिणींनी गायले आहे. तिघींचे सूर एकमेकींत असे मिसळतात की कोणता आवाज कोणाचा हे ओळखता येत नाही.

आवाजांची निवड हेच या अल्बमचे खरे बळ आहे, आणि तुम्हाला ते लगेच जाणवेल. युरिडिसी स्वतः मिचेल गातात. ऑर्फियससाठी 'बोन इव्हेर' या बँडच्या जस्टिन व्हर्नन यांचा उंच, नाजूक आवाज आहे. तो एकावर एक थर देऊन मुद्रित केल्यामुळे एकाच माणसातून अनेकजण गात आहेत असे वाटते. त्याच्यासमोर हेडीजच्या भूमिकेत ग्रेग ब्राउन इतक्या खर्जात उतरतात की तो आवाज जमिनीखालूनच येतो आहे असे वाटावे. हेडीजची राणी पर्सेफनी आनी डिफ्रँको यांनी गायली आहे. ती कामगारांना पैसे घेऊन चोरून आभाळाचे दर्शन घडवते, त्या गाण्यातला ट्रॉम्बोन, म्हणजे फुंकून वाजवायचे पितळी वाद्य, तुम्ही अवश्य लक्ष देऊन ऐका.

भिंतीचे गाणे मात्र दोनदा ऐकावे असे मी म्हणेन. आपण भिंत का बांधतो, असे हेडीज विचारतो, आणि कामगार पाठ केलेले उत्तर देतात. प्रत्येक उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो, प्रत्येक वेळी मागची सगळी साखळी पुन्हा म्हटली जाते, आणि शेवटी आपल्याजवळ काय आहे तर बांधायला भिंत आहे, इथे ती येऊन थांबते. २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीत सीमेवरच्या भिंतीची चर्चा सुरू झाली, तेव्हा हे गाणे त्यावरच लिहिले असावे असे अनेकांना वाटले. ते सहा वर्षे आधीच प्रसिद्ध झालेले होते.

मधले काही तुकडे केवळ कथा पुढे नेण्यासाठी आहेत आणि सुटे ऐकले तर फिके वाटतात, म्हणूनच क्रम मोडू नका असा माझा आग्रह आहे. पुढे याच रचनेचे मोठे संगीतनाटक झाले, २०१९ मध्ये ते ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध नाट्यगृहांत, आले आणि त्याला सर्वोत्कृष्ट संगीतिकेसह तिथले मानाचे आठ टोनी पुरस्कार मिळाले. त्याचे ध्वनिमुद्रणही मिळते आणि त्यात कथा अधिक उलगडून सांगितलेली आहे. पण तुम्ही आधी २०१० चाच अल्बम ऐका, कारण त्यातली शांतता नंतरच्या भव्यतेत राहिलेली नाही.

शेवटून दुसऱ्या गाण्यात ऑर्फियस अंधारातून चालतो आहे आणि त्याच्या मनात शंका शिरते. युरिडिसी मागून त्याला धीर देत असते. तो आवाज आपल्याला ऐकू येतो, त्याला येत नाही. त्याचे वळून पाहणे मला पूर्वी दुबळेपणाचे वाटत असे, आता तसे वाटत नाही. तुम्हाला काय वाटते ते सविस्तर लिहा. आईला शेजारी बसवून ऐकलेत तर तिचेही मत कळवा. पहिल्या गाण्यातल्या युरिडिसीची बाजू ती घेईल, असा माझा अंदाज आहे.

तुमची,
लेक