नित्या, तिला एक फोन कर

प्रिय नित्या,

दिवाळीपासून तुझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही, शिव्या घाल. माझी शुगर बरी, आईचा गुडघा तसाच. लिहितोय ते माझ्या पोरीसाठी, मुक्तासाठी, कारण रोइंगच्या शर्यतीतले २००० मीटर म्हणजे काय ते आमच्या घरात कुणालाच कळत नाही.

सिलेक्शनला सिंगल स्कलमध्ये, म्हणजे एकटीच्या बोटीत, निम्म्याच्या पुढे थांबली रे. अंगात ताप होता, पहाटेपासून उलट्या, आम्हाला पत्ता नाही. ओर तशीच हातात, डोकं गुडघ्यात, आणि बोट आपली सरकतेय. कोच काय बोलले ते लिहीत नाही. डॉक्टर म्हणतात पंधरा दिवस पाण्याकडे फिरकायचं नाही, ही म्हणते पुढच्या ट्रायलला उतरणारच.

आणि जो तो तिला दत्तू भोकनळ सांगतोय! तळेगाव रोहीचा, दुष्काळी गावचा पोरगा, बापाबरोबर विहिरी खणल्या, २०१२ ला आर्मीत गेला, पाण्याची भीती असलेला माणूस २०१६ ला रिओत सिंगल स्कलला तेरावा आला. मग २०१८ च्या एशियाडला तापात सिंगल गेली तरी दुसऱ्या दिवशी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश, सुखमीतबरोबर क्वाडमध्ये, चौघांच्या बोटीत बसला आणि ६:१७.१३ मध्ये गोल्ड. सोसायटीच्या सेक्रेटरींनीसुद्धा ऐकवलं तिला हे, ज्यांनी सारसबागेच्या पुढे पाणी बघितलेलं नाही.

पण पुढचं कुणी सांगत नाही. त्याच सिंगलमध्ये मध्येच थांबला म्हणून रोइंग फेडरेशनने २०१९ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली, ती उठली २०२० च्या जानेवारीत. अर्जुन पुरस्कार त्यानंतरचा. गोल्ड आणलेल्या माणसाला आजारपणाचा हिशोब द्यावा लागतो, तिथे माझ्या पोरीला कोण विचारतं? आपण यावरून फोनवर भांडलो होतो, आठवतंय? तू म्हणालास, थांबायचं नाही म्हणजे नाही, शेवटच्या पाचशेत सगळेच मरत असतात. मी म्हटलं, कंबर धरून रेगाटाची शर्यत मारलीस ना, मग आता चपलेचा पट्टा लावायला बायको लागते. तू फोन आपटलास. माझं मत अजून तेच आहे, आणि क्वाडची गोष्ट सिंगलवाल्याला सांगूच नये. तिथे पुढेमागे तीन जण ओढत असतात, हिच्या बोटीत कोण आहे?

रात्री सगळे झोपले की अर्गवर, त्या रोइंगच्या मशीनवर, बसते. चेनचा आवाज हॉलपर्यंत येतो, मी उठतो, की बंद. मी बाप म्हणून बोललो की दार आपटतं. तुझं ऐकेल, कारण तू कायम तिची बाजू घेतोस, नालायका.

तुझं प्रमोशन झालं म्हणे, अभिनंदन. वहिनींना नमस्कार, पोराचं बारावीचं कळव. फोन रविवारच्या आत कर, सोमवारी ट्रायलची नावं द्यायचीयेत. मी सांगितलंय असं मात्र बोलू नकोस, तुला खोटं बोलता येत नाही हे माहितीय, तरी प्रयत्न कर.

तुझा,
सुध्या