पुरात मुके झालेले ग्रामोफोन

महोदय,
ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा आजोबांचा चावीचा ग्रामोफोन आमच्या माजघरात चार दिवस पाण्याखाली होता. सरसाने जोडलेल्या पेटीचे पापुद्रे सुटले, स्प्रिंग गंजली. लाखेच्या तबकड्या मात्र वाचल्या होत्या. त्या आम्हीच घाईने उन्हात वाळत घातल्या आणि वाकड्या करून बसलो. ती हळहळ अजून जात नाही. ग्रामोफोन भिजला तर चावी फिरवू नका, आत गाळ असतो. तबकड्या साध्या पाण्याने धुऊन सावलीत उभ्या ठेवा. स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. नदीकाठच्या वस्तुसंग्रहालयांनी पावसाळ्यापुरते असे ठेवे वरच्या मजल्यावर सांभाळावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सांगली