जनानी तंबोरा आणि सीईटीचा फॉर्म

बेटा,
दुआ.

घरात आपण दखनीत भांडतो, पण लिहायला बसलं की मला मराठीच सुचते. सातवीपर्यंत मराठी शाळेत छड्या खाल्ल्यात, त्याचा परिणाम. परवा जेवताना जे नीट बोलता आलं नाही, ते आता लिहून देतोय. मी ताट सारून उठलो ते चुकलंच. तुझी अम्मी अजून माझ्याशी धड बोलत नाही.

तू म्हणालीस, लॉच्या सीईटीचा फॉर्म भरलाय, पाच वर्षं पुण्याला जाणार. मी म्हणालो, मग तंबोऱ्याची जवारी, तारेची ती गुंजणारी आस, कोण काढणार? त्यावर तू म्हणालीस, "फरीदसाहेब तलवारीच घासत बसले असते, तर अब्बा, तुमच्या हातात आज काय असतं?"

तीन दिवस ते डोक्यात आहे. वाद्यांकडे पहिले वळलेले फरीदसाहेब आणि आपले सगळे लोक मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. पण त्यांनी काही हौसेनं धंदा सोडला नाही. लढाया संपल्या, तलवारी भिंतीला टांगल्या गेल्या, पाजळायला कोण आणणार? मिरजेत पटवर्धन सरकारांकडे गाणं-बजावणं होतं, वाद्यं बिघडायची, ती दुरुस्त करता करता हात त्यात बसला, असं आपल्याकडे सांगतात. पोटानं ढकललं म्हणून ते वळले. तुला कोणी ढकलत नाही, तू आपल्या पायानं निघालीयस. खरं सांगतो, मला राग त्याचाच आला होता.

आणि दुसरी गोष्ट जास्त खरी आहे. तू अकरा वर्षांची असशील. उंबऱ्यावर बसून गणितं करत होतीस. मी एका तंबोऱ्याच्या घोडीवर, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तासभर कानस चालवत होतो. पंचमाची तार बोलत होती, खर्जाचीही ठीक, मधल्या दोन तारांचा जोड मात्र जुळेना. तू वहीतून मान वर न काढता म्हणालीस, "अब्बा, तिसरी तार झोपलीय." मी हसलो. मग तारेखालचं सूत केसभर मागं सरकवलं आणि ती तार अशी उघडली की समोरचा पॉलिशवाला काम टाकून बघायला आला.

तुझ्या भाईला बाराव्या वर्षी मी गादीवर बसवलं. भोपळ्याला गळा जोडणं, तूनच्या लाकडाची दांडी कोरणं, पॉलिश, सगळं तो माझ्यापेक्षा साफ करतो. जवारी त्याच्या कानाला लागत नाही, त्याला तो काय करणार. ज्या पोरीला लागत होती, तिला मी त्या दिवशी काय म्हणालो? "जा, आत जाऊन अम्मीला मदत कर."

मापानं लहान, बायकांच्या सुरांचा, म्हणून त्याला जनानी तंबोरा म्हणतात. आपल्या घरात असे किती बनले असतील देव जाणे. बनवायला मात्र एकही बाई बसली नाही. माझ्या अब्बांनी माझ्या बहिणींना बसू दिलं नाही, मी तुला दिलं नाही. आता माझे डोळे गेले, बोटं थरथरतात, भाईचा कान चालत नाही, तर मला तुझी आठवण झाली आणि त्याला मी परंपरा म्हणालो. तू वकील होणारच असशील, तर हे माझ्याविरुद्ध वापर.

वकिली तुला जमेल यात शंका नाही. चौदाव्या वर्षी लाकडाच्या बिलातली घनफुटांची चूक तू पकडली होतीस. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन, म्हणजे गावाच्या नावाचं कायद्यानं संरक्षण, मिळालं, आम्ही पेढे खात होतो, आणि तू विचारलंस, दुसऱ्या गावचा माल मिरजेच्या नावानं विकला तर केस कोण लढणार? एकालाही उत्तर देता आलं नाही. पण चाचा म्हणतात तसं, "शिकून येऊन आपल्याच केसेस लढेल," या अटीवर मी तुला पाठवत नाही. जमिनीच्या लढ, घटस्फोटाच्या लढ, तुला हव्या त्या लढ.

पैशाचं लपवण्यात अर्थ नाही. फोनमध्ये तंबोऱ्याचं अ‍ॅप आल्यापासून शिकाऊ मुलांची गिऱ्हाइकं कमी झालीत. मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांचे पैसे पुढच्या महिन्यात द्यायचेत. पहिल्या वर्षाची फी माझी, हॉस्टेलचं भाई बघतो म्हणालाय, स्वतःहून. पुढचं शिष्यवृत्तीचे कागद काढून बघू.

मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसातल्या संगीत सभेला मात्र दरवर्षी ये. गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची आठवण म्हणून नाही, माझ्यासाठी. मागच्या खेपेला मागं वाजणाऱ्या तंबोऱ्याचा जोड उतरला, तेव्हा अख्ख्या मांडवात आपण दोघांनीच एकमेकांकडे बघितलं होतं.

हे पत्र तुझ्या सीईटीच्या पुस्तकात ठेवतोय. खाली एक जनानी तंबोरा तयार आहे, शनिवारी न्यायला येणार आहेत. खर्ज अजून माझ्या मनासारखा बोलत नाही. अभ्यासातून उठलीस तर दोन मिनिटं ऐकून जा. गादीवर बसून ऐक, उंबऱ्यावरून नको.

तुझा,
अब्बा