मास्तरांचा रेस्ट मोडला

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्राला सात-आठ महिने उत्तर दिलं नाही, त्याबद्दल आधी रागाव आणि मग पुढचं वाच. मास्तरांच्या लाकूड कातायच्या लेथवरचा टूल रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायची दांडीवरची आडवी पट्टी, मोडला. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर 'नवा घे' म्हणतील, म्हणून तुला लिहितोय.

खोल वाडगा आतून कोरत होतो. सरळ रेस्ट आत जाईना, तो काठाबाहेरच ठेवला आणि गाऊज, म्हणजे कोरायची गोल पटाशी, पुढे पुढे सरकवत गेलो. धार टेकणापासून चांगली चार बोटं पुढे गेली आणि हत्यार रुतलं. खाडकन आवाज झाला, रेस्टची पट्टी दांडीपासून तुटून खाली पडली. मला लागलं नाही. खांदा दुखतोय, बाकी तब्येत ठीक.

तुकडा उजेडात धरला आणि मटकन खाली बसलो. तुटलेल्या जागेचा अर्धा भाग ताजा, करडा, चकाकणारा. उरलेला अर्धा काळपट, गंज धरलेला. म्हणजे चीर कितीतरी जुनी, आणि ती दांडीच्या मानेत. तुझ्या हातून स्क्यू पटाशी पडून झालेली खाच वर, पट्टीच्या कडेला. दोघांचा काही संबंध नाही रे! तू तेव्हाच म्हणत होतास, 'एवढा लांब हात घालतोस, ते ओतीव बीड आहे, सोसणार नाही.' आणि मी सगळं त्या खाचेवर ढकलून आठवडाभर तुझ्याशी बोललो नव्हतो. चूक माझी होती.

आता नवा घ्यायचाय आणि डोकं चालेनासं झालंय. पट्टीवर कडक पोलादी सळई बसवलेला घ्यायचा, एवढं पक्कं. बिडावर धारेचा टोला बसला की खाच पडते, हत्यार तिथे अडखळतं आणि तीच लाट लाकडावर उमटते. कानस मारून, मेण लावून आपण किती वर्षं काढली! लांबीचं मात्र ठरत नाही. 30 सेंमीचा असला की लांब पाय कातताना सारखं सरकवावं लागत नाही, पण टोकाला थरथरतो. मला 15 सेंमीचा सरळ आणि वाडग्यासाठी एक वाकडा, असे दोन हवेत. वाकड्याची भीती वेगळी: त्याचं टोक दांडीपासून दूर, जोर टोकावर आला की सगळा रेस्टच बँजोत, म्हणजे दांडी धरणाऱ्या पकडीत, फिरायला बघतो. पण तो आत शिरतो, धारेजवळ टेकण देतो. परवा तेच तर नव्हतं.

दांडीचं तर विचारूच नकोस. माझ्या बँजोचं भोक एक इंचाचं, म्हणजे 25.4 मिमी, 25 मिमीची दांडी त्यात थोडी सैल राहते. उलटं असतं तर शिरलीच नसती. शिवाय दांडी तोकडी नको. आतून खरवडायचा स्क्रेपर चालवताना धार केंद्राच्या किंचित वर हवी, म्हणजे रुतलीच तरी खाली, मोकळ्या जागेत जाते. तेवढं उचलूनही बँजोत पुरेशी दांडी उरली पाहिजे. (तू स्वतःच्या उंचीला रेस्ट चढवून तसाच सोडायचास आणि मी मागून येऊन शिव्या घालायचो. आता उतरवायला कुणी नाही, तरी रोज आधी उंचीच बघतो.)

तुझ्याकडे वाकडा आहे ना? टोकाला गाऊज टेकवून थोडं कोर आणि कळव, हाताला थरथर लागते का. आणि दांडी कॅलिपरने मोज, पट्टीने नको. तुझं उत्तर येईपर्यंत मी मागवत नाही.

वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकटीची परीक्षा संपली असेल. सगळं सविस्तर लिही.

मोडलेले दोन्ही तुकडे फडक्यात गुंडाळून ठेवलेत. आलास की ती काळी चीर तुझ्या डोळ्यांनी बघ.

तुझाच,
मी