ट्रेनरकाका, हे मराठीतच लिहिते

प्रिय ट्रेनरकाका,

इंग्रजीत तुमचे आभार मानून झाले. दुकानातलं कार्ड आणलं, त्यात दोन ओळी लिहिल्या, तुम्ही "हे तर माझं कामच" म्हणालात आणि विषय संपला. माझा संपला नाही, म्हणून हे मराठीत. माझा लेक वाचून दाखवेल, अडखळत. काका म्हटल्याचा राग मानू नका. पुण्यातल्या माझ्या बहिणीला अजून वाटतं, ट्रेनर म्हणजे जिममध्ये डंबेल्स उचलायला लावणारा माणूस. दुखापत झालेल्या खेळाडूला पुन्हा उभं करणारा, हे तिला ठाऊकच नाही.

पोरगा अमेरिकन फुटबॉलमधला ऑफेन्सिव्ह लाइनमन. पाचजणांच्या भिंतीतली एक वीट. बॉल बहुतेक वेळा हाताला लागत नाही, आणि टीव्हीवर नाव आलंच तर समजायचं की पेनल्टी लागली. असा पोरगा मैदानाबाहेर गेला की कुणाच्या लक्षातही येत नाही. पहिल्या कॉलेजात तेच झालं. भरतीच्या वेळी आमच्या स्वयंपाकघरात बसून दोनदा पोहे मागून घेणारे, "आता आपण एकच कुटुंब" म्हणणारे कोच. लिगामेंट तुटल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून त्यांचा फोन नाही. एक डॉक्टर तर रिपोर्टवरची नजरही न उचलता "एवढ्या वजनाला हा गुडघा पुरायचा नाही" म्हणून मोकळे झाले. अहो, पोर समोर बसलं होतं! नावं घेत नाही. पोहे फुकट गेले, एवढंच.

तुमच्या कॉलेजात आला आणि पहिल्याच कॅम्पमध्ये तोच गुडघा पुन्हा गेला. पुन्हा ऑपरेशन. नंतरच्या महिन्यांत तुम्ही काय काय करून घेतलंत ते मला नीटसं कळलं नाही. मला एकच दिवस आठवतो.

मी त्याला न्यायला आले होते. काचेच्या दारातून दिसलं, तो बाकावर बसलाय, मांडीपासून पोटरीपर्यंत ब्रेस, पाय ताठ. बुटापर्यंत हात पोचत नव्हता. एकशे चाळीस किलोंचं पोर, कान लाल झालेले. घरी मला हात लावू द्यायचा नाही, लेस तशीच बुटात कोंबून लंगडत निघायचा. तुम्ही बोलता बोलता खाली बसलात, तो सोळा नंबरचा बूट मांडीवर घेतलात आणि लेस बांधलीत. दुहेरी गाठ. बोलणं थांबलं नाही, "थांब, मी बांधतो" असंसुद्धा म्हणाला नाहीत. आदल्या रात्रीच्या कुठल्याशा मॅचबद्दल काहीतरी चाललं होतं, आणि तो हसत होता. कितीतरी दिवसांनी.

आमच्याकडे चुकून कुणाला पाय लागला तरी नमस्कार करतात. आणि तुम्ही तर वयानं माझ्या थोरल्या भावाएवढे. मला दार ढकलवेना. गाडीत जाऊन बसले.

डिकरसनचा व्हिडिओही तुम्हीच दाखवलात. अलाबामा विद्यापीठाचा सेंटर, म्हणजे भिंतीतली मधली वीट, लँडन डिकरसन, डिसेंबर 2020 मध्ये गुडघा गेलेला. तरी जानेवारीत राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात अगदी शेवटी तो मैदानात आला, बॉल मागे देण्यापुरता. मार्चमध्ये प्रो डेला, म्हणजे व्यावसायिक टीमची माणसं कॉलेजात खेळाडू पाहायला येतात त्या दिवशी, तो अवाढव्य माणूस हातांवर कोलांट्या मारत होता! 2021 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, फिलाडेल्फिया ईगल्सनी त्याला 37 वा घेतला. आमच्या पोरानं तो व्हिडिओ इतका पाहिला की मलाही पाठ झाला. (कोलांटी मात्र घरात मारायची नाही, हे मी सांगून ठेवलंय.)

यंदा आमच्या पोरालाही इंडियानापोलिसच्या कम्बाइनचं, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांचं, बोलावणं आलं. 225 पौंडांचा बार उचलण्याचं त्याला काही वाटलं नाही, भीती होती ती डॉक्टरांची. एका टीमचे झाले की दुसऱ्या टीमचे, प्रत्येकानं तोच गुडघा ओढून, वाकवून पाहिला. रात्री फोनवर म्हणाला, "आई, हलला नाही."

बर्फाच्या पिशव्या आणि टेपची रिळं घेऊन कडेला उभी राहणारी तुमच्यासारखी माणसं मी आता प्रत्येक मॅचला शोधते. स्कोअर नंतर बघते.

आता ड्राफ्ट. तीन दिवस, सात फेऱ्या. नाव येईल, न येईल. तिन्ही दिवस तुम्ही आमच्याकडे यायचं. पोहे करणार आहे, यावेळी माणूस बघून. बूट दाराबाहेर काढावे लागतील, आमच्या घरची रीत आहे. जाताना लेस बांधायला पोरगा आहे.

तुमची,
त्याची आई