पिशवी कायमचीच आहे, बेबी

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

दर फोनवर तू एकच विचारतेस, "बाबा, ते पोटावरचं तोंड बंद कधी करणार?" इथे ओसरीत कोणी ना कोणी बसलेलं असतं, मी "पाहू" म्हणून टाळतो. आता कागदावरच लिहितो. आतड्याचं तोंड पोटावर काढून त्यावर मळासाठी लावलेली ही पिशवी निघायची नाही. काही जणांची तात्पुरती असते, काही महिन्यांनी आतडं परत जोडतात. माझी गाठ पार खाली होती. गुदद्वारासकट काढून तिथे शिवून टाकलं, जोडायला खाली काही उरलंच नाही. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी हे ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं. तुझ्या आईनं तुला सांगू दिलं नाही. तिच्यावर चिडू नको.

आता तीच माझी सिस्टर. आधी पोटावरचं ते लाल तोंड पाहायला घाबरायची, "दुखते काहो?" म्हणायची. तिथे हात लावला तरी दुखत नाही, वेदना कळवणाऱ्या नसाच नसतात. पुसताना थोडं रक्त दिसलं तरी घाबरायचं नाही. ते काळं-निळं पडलं तर मात्र गाडी करून तडक दवाखाना. आता ती माप घेऊन, शिवणाच्या बारीक कात्रीनं पिशवीच्या चिकट चकतीला भोक पाडते. तोंडापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं. जास्त मोठं झालं की मळ कातडीला लागतो आणि अशी आग होते की विचारू नको. करदोडा दवाखान्यातच कापला होता. तो परत बांधला नाही, नेमका चकतीवर यायचा. आजी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं.

खरा वैरी ऊन. पारा 45 च्या वर गेला की घामानं चकतीची कड सुटते. इतर वेळी चार-पाच दिवस टिकणारी आता दोन दिवसांत बदलावी लागते. नव्या पिशव्या टिनाखालच्या माळ्यावर ठेवत नाही, माठाजवळ ठेवतो. नळ दिवसाआड येतो, त्यामुळे माझ्यासाठी एक बादली वेगळी भरलेली असते. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करतो, जड होऊ देत नाही. काढलेली पिशवी कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाकतो. उकिरड्यावर टाकली तर कुत्रे गावभर ओढत नेतील, आणि मग तुला पुण्यातही बातमी मिळेल.

जेवण आपलंच. जवारीची भाकर, पातळ वरण, ताक. ताकानं वास कमी येतो असं मला वाटतं. घुगऱ्या आणि कोबी खाल्ला की गॅस फार, बाहेर जायचं असलं की त्या दिवशी खात नाही. तरी संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत व्हायचं ते झालंच. ध्यानाला सगळे डोळे मिटून गप्प, आणि माझ्या पोटातून भर्रर्र. पोटावरच्या तोंडाला आवळायला स्नायू नसतो, आवरणार कसं? मागून एक म्हातारबुवा म्हणाले, "काहून बापा, मोटार सुरू केली का?" सगळे हसले, मीही हसलो. आता दाराजवळ बसतो, आवाज येईलसं वाटलं की वरून तळहात दाबून धरतो. प्रार्थना सोडली नाही.

वावरात जातो, धुऱ्यावरून फिरतो. पोतं उचलत नाही. पोटावरच्या तोंडाजवळ हर्निया होऊ शकतो, डॉक्टरांनी बजावलंय. पेरणी सालदार पाहील. तू पुण्याला ये म्हणतेस, पण चौथ्या मजल्यावर बसून मी करू काय? दिवाळीला येईन, बसनं येईन. वाटेत कुठे थांबून पिशवी रिकामी करायची ते मी पाहतो. तू तुझ्या सासूबाईंना हर्नियाचं ऑपरेशन सांगितलंय म्हणे. मी येण्याआधी खरं काय ते सांगून ठेव, म्हणजे मला संडासात लपतछपत जावं लागणार नाही.

आता कामाचं. मागच्या वेळच्या मापाच्या पिशव्या पाठवू नको, सूज उतरून तोंड लहान झालंय. सोबत आईनं कागदावर गोल काढून दिलाय, तो दुकानदाराला दाखव. खालून उघडणाऱ्या, क्लिपवाल्याच घे. वर्षभराच्या एकदम घेऊ नको, उन्हानं चिकटपणा जातो. दोन महिन्यांच्या पुरे. आणि पोस्टानं पाठव, कुरिअरवाला तालुक्यावरूनच परत जातो.

जावईबापूंना नमस्कार.

तुझे बाबा